टाकीचं उत्तर

तिचं पत्र येऊन तीन वर्षं झाली आणि मी उत्तर पाठवलं नाही. वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही. निवृत्त गणितशिक्षकाकडे वेळच तेवढा असतो. पत्र लहान होतं. "सर, मी इस्पितळात आया आहे. नर्सच्या कोर्सला बसायचंय, पण गणिताचा पेपर पुढ्यात आला की हातांना घाम सुटतो. दोनदा अर्ध्यातून उठून आले. एकच विचारते. सातवीत टाकीचं गणित मी फळ्यावर सोडवलं होतं, ते खरंच चुकलं होतं का? बरोबर असेल तर आणखी एकदा बसेन."

मला ते गणित आठवत होतं. टाकी एक तृतीयांश भरलेली. चाळीस लिटर ओतले की अर्धी होते. तर टाकी केवढी? तिनं फळ्यावर टाकीच काढली, तिचे सहा भाग केले आणि दोन भाग खडूनं रंगवले. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"हे काय?"

"टाकी, सर."

"क्ष कुठाय?"

"मला असं दिसतं, सर. एक भाग चाळीस, म्हणजे..."

"दिसतं? मग चित्रकलेच्या तासाला जाऊन बस."

वर्ग हसला. एरवी माझ्या बोलण्यावर कुणी हसत नसे, त्यामुळे मला बरं वाटलं. मी डस्टर फिरवलं आणि तिला तास संपेपर्यंत पुसलेल्या फळ्याकडे तोंड करून उभं केलं. पुढे वर्षभर पोरं तिला 'चित्रकार' म्हणत. मीही म्हणायचो, हजेरी घेतानासुद्धा.

त्याच संध्याकाळी मी घरी तिच्या रीतीनं गणित करून पाहिलं. दोनशे चाळीस. माझ्या रीतीला पाच ओळी लागत, तिच्या रीतीला एकही नाही. उद्या वर्गात सांगायचं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी अपूर्णांकांचा गुणाकार शिकवला.

पत्राला 'बरोबर होतं' एवढं उत्तर पुरलं असतं. मी सात कच्ची पत्रं लिहिली. प्रत्येकात माझ्याच अडचणी लांबत गेल्या, आणि एकही पाकिटात गेलं नाही.

यंदा न्यूमोनियानं मला इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी चादर बदलायला आलेल्या बाईनं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"सर ना? चित्रकार मी. जरा कूस बदला."

दुपारी नवी सिस्टर ट्रॉलीपाशी अडली. "दहा मिलिलिटरमध्ये पाचशे मिलिग्रॅम औषध आहे, आणि डॉक्टरांनी दीडशे लिहिलंय. मावशी, किती ओढायचं हो?"

तिनं ओल्या ट्रेवर बोटानं एक नळी काढली, तिचे दहा भाग केले. "तीन."

सिस्टरनं मोबाइलवर करून पाहिलं. तीनच आले. "तुम्ही कोर्स का नाही केला, मावशी?"

"मला गणित येत नाही. विचारा की, सर इथंच आहेत."

टोमणा असता तर मी सोसला असता. तिला खरंच तसं वाटत होतं.

"काय आजोबा, एवढी कच्ची होती का मावशी?"

मला बोलता आलं असतं. मी खोकलो. त्या आजाराची तेवढी एक सोय होती.

संध्याकाळी तिनं माझं पांघरूण झटकता झटकता विचारलं, "सर, तुम्हाला एक पत्र टाकलं होतं. मिळालं?"

"नाही," मी म्हणालो.

"वाटलंच मला. घर नंबर चुकवला असणार. माझं नि आकड्यांचं कधी जमलंय?"

"मग आता बस की परीक्षेला."

"चाळिशीच्या आतच बसू देतात, सर. ते गेल्या वर्षी सरलं. पाय उचला."

मी पाय उचलले.

घरी आल्यावर आठवं पत्र लिहिलं. "तुझं उत्तर बरोबर होतं. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. तुझं पत्र मिळालं होतं. घर नंबर बरोबर होता." आता याचा तिला काही उपयोग नव्हता. उपयोग होता तेव्हा मी लिहिलं नव्हतं. हे वाचून तिला बरं वाटेल की उरलंसुरलंही जाईल, ते मला ठरवता येईना.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं. पेटी रिकामी असावी. तळाशी पडल्याचा आवाज आला. मग मी फटीत हात घालून पाहिला. बोटं गेली, तळहात अडकला.