बॅटरीच्या पेटीतले समुद्रघोडे

मी एक काचेची पेटी. मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. पण वसईच्या या वाडीत न विचारता बोलण्याची जुनी रीत आहे, तीच मीही उचलली.

माझा जन्म विलायतेतला. जाड हिरवट काच, चौकोनी बांधा. उमेदीची वर्षं मी एका तारऑफिसात मोठ्या बॅटरीचं भांडं म्हणून काढली. पोटात तेजाब आणि शिशाचे पत्रे. धातू आणि खारं-आंबट पाणी एकत्र आलं की काय होतं, हे मी रोज पाहत होते. हे शिक्षण पुढे फार कामी आलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

लढाई संपली आणि जुनं सामान लिलावात निघालं. तिथून नरहरींनी मला आणलं. केळीच्या आणि पानवेलींच्या वाडीचे मालक हे. लिलावात हात वर करायची त्यांना भारी हौस. आणलेल्या वस्तूचं करायचं काय, हा किरकोळ प्रश्न ते घरच्या बायकांवर सोडत. मी विहिरीपाशी उलटी पडून राहिले. कोंबड्या माझ्यावर बसून वाडीवर देखरेख करत. एवढं मानाचं काम वाडीत दुसरं कुणी करत नव्हतं.

पुढे मुंबईत मत्स्यालय उघडलं, त्यानंतरची ही गोष्ट. नरहरींची मुलगी सरला मॅट्रिकला बसली होती आणि निकालाची वाट बघत होती. एका सकाळी पाचूबंदरची कोळीण सालोमी मासळी घेऊन आली. तिच्या मडक्यात एक जिवंत समुद्रघोडा होता. तोंड घोड्याचं, शेपटी वेटोळी आणि पोट टम्म फुगलेलं.

"गे बाय, ही पोटुशी हाय. तुला बघायला आनली," सालोमी म्हणाली.

"सालोमी, हा नर आहे. यांच्यात पिल्लं नराच्या पोटातल्या पिशवीत वाढतात. शाळेत बाईंनी सांगितलंय."

सालोमीने मासळीची पाटी खाली ठेवली. "खरा? मंग आज घरी जाते नि माज्या नवऱ्याला सांगते, पुढचा पोर तू काढ!"

ओट्यावर बसलेल्या नरहरींना हे बोलणं आवडलं नाही. त्यांनी खाकरून विषय बदलला. "सरला, मासे पुरे. काशिनाथभाऊ त्यांच्या पुतण्यासाठी तुला बघायला येणार आहेत."

"दादा, मला कॉलेजात जायचंय."

ओट्यावर शेजारचे लोक बसले होते, म्हणून नरहरींना विनोद सुचला. "असं? मग निकाल लागेपर्यंत या घोड्याचं एक पिल्लू जगवून दाखव. धाडतो कॉलेजात!"

"घोड्यावर बसूनच जाईल ती," एक शेजारी म्हणाला. सगळे पोट धरून हसले. सरला हसली नाही. ती विहिरीपाशी आली, कोंबडी हुसकली आणि मला सरळ केलं.

चुन्याच्या निवळीने तिने मला इतक्या वेळा धुतलं, की माझा भूतकाळ मलाच आठवेना. सालोमी मातीच्या घागरीतून समुद्राचं पाणी आणू लागली. सरलाने ते कपड्यातून गाळलं. मडक्याला बारीक भोक पाडून त्यात चिंधी खोचली आणि ते माझ्यावर टांगलं. थेंब थेंब पाणी पडे, त्याबरोबर हवा मिसळे. तेवढंच पाणी वरून काढून टाकायचं. पिल्लांना शेपटी गुंडाळायला खराट्याच्या काड्या उभ्या केल्या. नर वेगळ्या दगडी डोणीत होता. पिल्लं जन्मली, तशी तिने ती अलगद वाटीने माझ्यात आणली. ती बापाजवळ ठेवायची नसतात. हलेल ते गिळायचं, एवढंच बापाला कळतं.

शंभरेक पिल्लं असतील. चिमटीत धरता येणार नाहीत इतकी बारीक, आणि प्रत्येकाचा तोरा मात्र घोड्याचा. त्यांना खायला काय द्यायचं, यावर सगळ्या वाडीने सल्ला दिला. सरलाची रंभाआत्या नाचणीचं सत्त्व घेऊन आली. "बाळंतघरात हेच लागतं गो." शेजारीण अंड्याचा बलक घेऊन आली. पिल्लांनी दोन्हींकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना हलणारं, जिवंत खाणं हवं होतं. सरला भरतीच्या वेळी खाडीवर जाऊन पाणी कापडातून गाळू लागली. कापडावर उरलेला बारीक जिवांचा गाळ माझ्यात सोडला, की पिल्लं टिपू लागत.

"माझं नवं धोतर कुठे गेलं?" नरहरी घरभर विचारत होते. ते खाडीवर विद्यादानात गुंतलं होतं.

पिल्लं रोज थोडी मरत, थोडी वाढत. उरलेली चांगली बोटाच्या पेरापेक्षा मोठी झाली. नरहरी आता येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगत, "आमची पिल्लं बघा." 'आमची' हा शब्द पुरुषांच्या तोंडी नेमका कामं संपल्यावर येतो.

मग काशिनाथभाऊ यायचा दिवस उजाडला. नरहरींनी मला ओट्यावर मांडलं आणि वरच्या मडक्याकडे पाहून नाक मुरडलं.

"पाहुण्यांपुढे हे फुटकं मडकं? शोभतं का?"

त्यांनी देवघरातली तांब्याची गळती काढली. शंकराच्या पिंडीवर अभिषेकाची धार धरायचं ते भांडं. रंभाआत्याने चिंचेने घासून ते लख्ख केलं. त्यात समुद्राचं पाणी भरून ते माझ्यावर टांगलं. "पवित्र भांडं आहे. आशीर्वादच मिळेल," नरहरी म्हणाले.

सरला आत केसांत फुलं माळून घेत होती. मी जन्मभर धातू पाण्यात विरघळताना पाहिलेली. ओरडावंसं वाटलं. पण काचेला फक्त तडकता येतं, आणि तेही वेळेवर जमत नाही.

सकाळभर आशीर्वाद ठिबकत राहिला. पाहुणे आले, पोहे झाले, वेलचीची केळी झाली, दोनदा चहा झाला. मग काशिनाथभाऊ माझ्यावर वाकले. पिल्लं काड्या सोडून एकामागून एक तळाशी जात होती.

"अरेरे," ते म्हणाले, "ज्या घरात पिल्लं जगत नाहीत, तिथली मुलगी करायची म्हणजे..." हा अपशकुन त्यांना पाचवं केळं संपल्यावर दिसला.

सरला धावत आली. धारेखालची पिल्लं आधी पडली होती. तिने गळतीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला हिरवं लागलं.

"दादा, तांबं!" एवढंच म्हणून तिने पाहुण्यांसमोर गळती ओढून काढली. घागरीतलं सगळं पाणी आणून माझं पाणी बदललं. साडी भिजली, फुलं माझ्यात पडली. पाहुणे उठून गेले. नरहरी खांबाला टेकून उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही.

निकाल लागला, तेव्हा एकच पिल्लू काडीला शेपटी गुंडाळून होतं. सरला पासही झाली. शेजारी ओट्यावर जमले. त्या विनोदाला तेच साक्षीदार होते, म्हणून नरहरींना शब्द पाळावा लागला. अजून ते लोकांना सांगतात, "अभिषेकाचं पुण्य हो, म्हणून एक वाचलं."

कॉलेजात जायच्या आदल्या दिवशी सरलाने आणि सालोमीने ते पिल्लू पाचूबंदरला समुद्रात सोडलं. मी परत विहिरीपाशी आले. कोंबड्यांनी माझं स्वागत केलं. सुट्टीत सरला येते, मला घासते आणि खाडीतलं काहीबाही माझ्यात सोडते. परवा ती नव्हती, तेव्हा नरहरी एक मडकं घेऊन आले. माझ्यावर टांगता टांगता थबकले आणि कुणी बघत नाही ना, याची खात्री करून त्यांनी मडक्याच्या आतून बोट फिरवून हिरवं लागतंय का ते पाहिलं.

माझं मागणं फार नाही. माझ्यात हवं ते ठेवा. पण वर काही टांगायचं झालं, तर बोट फिरवण्याआधी घरातल्या मुलीला विचारा.