बेस गिटारचा गेटपास

कंपनीच्या ऑर्केस्ट्रात मी सलग तीन वर्षं खुळखुळा वाजवला. खुळखुळा वाजवणाऱ्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो की याला दुसरं काही येत नसणार. माझ्या बाबतीत तो गैरसमज नव्हता. म्हणून सत्त्याहत्तर साली मी दर रविवारी पिंपरीहून बसने पुण्याच्या कॅम्पात जाऊन, लोबोसाहेब नावाच्या म्हाताऱ्या वादकाकडे बेस गिटार शिकलो. शिकून झाल्यावर ऑर्केस्ट्राच्या प्रमुख कुसुमताईंना सांगितलं. कुसुमताई कंपनीच्या टेलिफोन ऑपरेटर. त्यांच्याशी बोलताना नेहमी वाटायचं, आता लाइन कट होणार.

"बेस वाजवतोस? छान. बेस कुठाय?"

"येईल, ताई."

"स्नेहसंमेलनाच्या दिवशी हातात बेस दिसली तर बेस. नाही दिसली तर खुळखुळा. आणि मग रिटायर होईपर्यंत खुळखुळा. ठेवते."

समोरासमोर बोलतानाही त्या 'ठेवते' म्हणायच्या.

मी चोवीस वर्षांचा होतो. रिटायर व्हायला चौतीस वर्षं होती. मी लोबोसाहेबांकडे एका दिवसासाठी बेस मागितली.

"दात माग, मॅन. आत्ता काढून देतो," ते म्हणाले. "बेस नाही."

म्हणजे बनवून घेणं आलं. आमच्या पॅटर्न शॉपमध्ये जहीरभाई होते. कुठलाही भाग लोखंडात ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. जहीरभाई तेवीस वर्षं तेच करत होते. त्यांनी केलेल्या लाकडी पंपाला एका नवीन इंजिनिअरने पाइप जोडून पाहिला होता.

"बनवतो की," जहीरभाई म्हणाले. "लेकिन ड्रॉइंग आण. ड्रॉइंगशिवाय मी घरात पाटसुद्धा करत नाही. बायको विचारून विचारून थकली."

ड्रॉइंगचं काम आमच्याकडेच होतं. मी इन्स्पेक्शनमध्ये, आणि माझे साहेब मधुसूदन ताम्हनकर. ताम्हनकरसाहेबांनी आयुष्यात एकदाही 'साधारण' हा शब्द वापरला नव्हता. रविवारी ते व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, घेऊन स्वतः कॅम्पात आले. लोबोसाहेबांकडे एकाच अमेरिकन बनावटीच्या दोन बेस होत्या, एक चौसष्ट सालची, एक बहात्तरची. साहेबांनी चष्मा पुसला, दोघींना टेबलावर शेजारी शेजारी निजवलं आणि मापं सांगू लागले. मी लिहून घेत होतो.

"जुनी. अंगाची रुंदी तीनशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर. नवी. तीनशे बावन्न." ते थांबले. "खुंट्या बसवलेलं डोकं. जुनीचं दोनशे तेवीस. नवीचं दोनशे सत्तावीस." ते आणखी थांबले. "लोबोसाहेब, एकच मॉडेल आहे ना हे?"

"हो, मॅन. ती जुनी, ही नवी."

"मग खरी कुठली?"

लोबोसाहेबांना हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. "दोन्ही वाजतात," ते पडेल आवाजात म्हणाले.

"वाजणं हे माप नाही."

शेवटी साहेबांनी मध्य काढला: अंग साडेतीनशे, डोकं दोनशे पंचवीस, दोन मिलिमीटर कमी-जास्त चालेल. अशी अंगप्रत्यंगाची सदतीस मापं झाली. मग त्यांनी दोन्ही बेस त्या मापांवर तपासल्या आणि म्हणाले, "दोन्ही पास. पण काठावर."

"थँक यू," लोबोसाहेब म्हणाले. ते खरोखर हलून गेले होते. जाताना त्यांनी मला जुन्या खुंट्या, तारा आणि तारांचा आवाज उचलणारे पिकअप दिले.

आता लाकूड. पॅटर्न शॉपचं उरलेलं सागवान वापरायला फोरमनची परवानगी लागायची, आणि फोरमनने ती जॉब कार्ड काढून दिली. त्यामुळे माझी बेस कंपनीचा अधिकृत पार्ट झाली. पार्ट म्हटला की इन्स्पेक्शनचा शिक्का आला. शिक्क्याशिवाय गेटपास नाही, आणि संमेलनाचा मांडव होता गेटबाहेर, निगडीला प्राधिकरणाच्या मैदानावर.

संमेलनाच्या दिवशी सकाळी जहीरभाईंनी बेस आणली. अशी देखणी वस्तू आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावर पूर्वी कधी आली नव्हती. तारा खुंट्यांपर्यंत कशाबशा पोचत होत्या, पण पोचत होत्या. मी एक सूर वाजवला. शिपायाने चहा ठेवता ठेवता मान डोलावली.

ताम्हनकरसाहेबांनी व्हर्नियर लावला.

"अंगाची रुंदी तीनशे सत्तावन्न. रिजेक्ट."

"साहेब, वाजतेय की!"

"डोकं दोनशे साडेएकोणतीस. रिजेक्ट." सदतीसच्या सदतीस मापं जास्त निघाली. साहेबांनी लाल रंगाचा डबा उघडला. रिजेक्ट मालाला आमच्याकडे लाल ठिपका लावायचे.

"नामुमकिन!" जहीरभाई पांढरे पडले होते. "तेवीस साल में एक रिजेक्ट नाही माझा. तुमचा व्हर्नियर दाखवा."

"तुमची पट्टी दाखवा."

जहीरभाईंनी खिशातून पट्टी काढून टेबलावर आपटली. ती मागच्या बाजूने पडली. तिच्यावर बारीक अक्षरात कोरलं होतं: स्टील, दोन टक्के.

आम्ही तिघंही वाचायला वाकलो. वितळलेलं स्टील गार होताना दोन टक्के आकसतं. म्हणून पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच तेवढी लांब आखलेली असते, म्हणजे पॅटर्न मोठा होतो आणि ओतलेला भाग गार झाल्यावर बरोबर मापाला येतो. जहीरभाईंनी तेवीस वर्षांच्या सवयीने तीच पट्टी हातात घेतली होती. बेस सुरात वाजत होती ती म्हणूनच. सगळंच सारख्या प्रमाणात वाढलेलं, दांडीवरच्या पडद्यांमधलं अंतरसुद्धा.

"गार झाली की होईल बरोबर," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. "कुसुम बोलतेय. खुळखुळा पुसून ठेवलाय. ठेवते."

चौतीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढून खुळखुळत गेली. साहेबांनी ब्रश डब्यात बुडवला.

"साहेब," मी म्हणालो, "समजा हा पॅटर्नच असता तर?"

ब्रश हवेत थांबला. एक लाल थेंब साहेबांच्या बुटावर पडला. "कसला पॅटर्न?"

"स्टीलच्या बेस गिटारचा."

साहेबांनी ब्रश ठेवला. ड्रॉइंगच्या वर 'पॅटर्न, स्टील ओतकामासाठी' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि दोन टक्के वाढ धरून सदतीस मापं पुन्हा घेतली. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या नोकरीच्या अठरा वर्षांत तो बदलल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"जहीरभाई, एकाही मापात केसाचा फरक नाही. इतका अचूक पॅटर्न या टेबलावर आला नव्हता."

"मग?" जहीरभाईंनी टोपी सारखी केली. "मी काय बोलत होतो?"

शिक्का बसला. गेटपासवर 'चिंचवडच्या फाउंड्रीकडे, निगडीमार्गे' असं लिहिलं. चिंचवडला जायला निगडी लागत नाही, पण गेटवरचा चिमाजी शिक्का बघायचा, भूगोल बघत नसे.

संध्याकाळी मी बेस वाजवली. ताम्हनकरसाहेब मांडवात पहिल्या रांगेत होते, गाण्यासाठी नाही, पॅटर्नला ओरखडा पडू नये म्हणून. दर गाण्यानंतर ते स्टेजवर येऊन बघून जायचे. लोकांना वाटलं, निवेदक आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण गेटपासवर फाउंड्री लिहिलं होतं, आणि सोमवारी फाउंड्रीची पोच लागणार होती. खुंट्या, तारा, पिकअप काढून बेस पाठवली. त्यांनी तिच्यावर वाळू ठासली, साचा केला आणि तीन आठवड्यांनी बेस परत पाठवली. सोबत स्टीलची एक. बेचाळीस किलो.

साहेबांनी मापं घेतली. अंग साडेतीनशे. डोकं दोनशे पंचवीस.

"बघ," जहीरभाई तिच्यावर हात ठेवून म्हणाले. "गार झाली."

तिला हिरवा ठिपका लागला. साहेबांच्या मते जगात बरोबर मापाची बेस ती एकच. पॅटर्न शॉपचं दार वाऱ्याने लागू नये म्हणून ती तिथे ठेवली आहे.

लाकडी मी वाजवतो. फाउंड्रीतली थोडी वाळू पिकअपच्या भोकातून आत गेली आहे, ती काही केल्या निघत नाही. जोरात वाजवली की आवाज येतो. त्यानंतरच्या पहिल्या तालमीला कुसुमताईंनी कान देऊन ऐकलं.

"चला," त्या म्हणाल्या, "खुळखुळ्याला वेगळा माणूस नको. ठेवते."