चार नंबरचा ग्लास

वारूळवाडीत मला कुंडलिक म्हणून कमी आणि नाकवाले म्हणून जास्त लोक ओळखतात. एकतीस वर्षं मी दूध संकलन केंद्रावर होतो. यंत्रं नंतर आली. त्याआधी कॅनचं झाकण काढायचं, तेच नाकाला लावायचं आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा निकाल द्यायचा, ही माझी नोकरी. गाय काल उसाचं वाढं खाऊन आली की लसूणघास, कॅन सोड्यानं विसळलाय की नुसत्या पाण्यानं, सगळं सांगायचो. रिटायर झालो तरी लोक तूप, मध, अत्तर, हाताला लागेल ते घेऊन माझ्या ओट्यावर येतात, मी हुंगतो आणि निकाल देतो.

अडचण एकच आहे. मला वास येत नाही.

कोविडात गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. चार वर्षं झाली, हळूहळू म्हणजे किती हळू ते त्यांनी सांगितलं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. नाकवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर मागे उरतो कोण, तर पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार घालणारा एक म्हातारा. ते मला नको होतं.

आणि निभावलं ते बायकोच्या, अंजनाच्या, तोंडावर. आमच्या घरातल्या बायका चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलत नाहीत. सांगायचं ते गाईला सांगतात, भांड्याला सांगतात, नाहीतर भिंतीला. अंजना आतबाहेर करताना पुटपुटते, ह्या तुपाला जुनाट वास मारतोय बाई. मी कान देऊन ऐकतो, डोळे मिटून मान डोलावतो आणि तेच जरा भारदस्त शब्दांत ओट्यावर मांडतो. बायकोच्या नकळत तिचं नाक वापरतोय, या हुशारीवर मी खूश होतो.

अशात जानेवारीत संस्कृती आली. ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. अमेरिकेत केंटकी म्हणून राज्य आहे, तिथल्या एका व्हिस्कीच्या कारखान्यात चव घेण्याच्या खात्यात आहे. गावात आम्ही फूड कंपनी म्हणून सांगतो. तिनं येताना पाच बाटल्या आणल्या, लेबलांवर कागद चिकटवून एक ते पाच आकडे घातले आणि जाहीर केलं की काकांसारखं नाक तिच्या खात्यातही कुणाला नाही, तेव्हा काकांनी परीक्षा द्यायचीच. मी पाठदुखी सांगून पाहिली, एकादशी सांगून पाहिली. एकादशी तीन दिवसांनी होती.

साक्षीदार म्हणून शेजारच्या कळंबहून गोरख आला. हा आमचा जुना टेम्पोवाला, माझ्या निकालावर कॅन परत नेऊन नेऊन यानं अर्ध्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्या आहेत. घरात देव आहेत म्हणून अंजनानं बैठक मागच्या अंगणात, गोठ्याजवळ घालायला लावली. दुपारचं हिवाळी ऊन होतं. ती दहा पावलांवर मेथी निवडत बसली, तोंड गाईकडे.

संस्कृतीनं नियम सांगितले. आधी हुंगायचं, तोंड किंचित उघडं ठेवून. मग थेंबभर पाणी घालून पुन्हा हुंगायचं. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. थुंकायचं म्हटल्यावर गोरखला मनापासून वाईट वाटलं. पहिला ग्लास त्यानं नियम नीट ऐकू न आल्यासारखा पिऊन टाकला.

मी ग्लास नाकाशी नेला. काहीच नाही. घोट घेतला, तर जिभेला जाळ आणि मागे थोडा गोडवा, बस्स. तेवढ्यात अंजना शेंगांची ताटली ठेवायला आली आणि जाताना गाईला म्हणाली, गुऱ्हाळावर काकवी खाली लागली की कसा वास सुटतो गं, तसं झालंय अंगणभर.

मी डोळे मिटले. म्हणालो, काकवी. पण साधी नव्हे, काहिलीच्या तळाला लागलेली.

संस्कृती खुर्चीतून उठलीच. म्हणाली, बरोबर, ही मक्याची व्हिस्की, बर्बन, आणि ती ज्या लाकडी पिंपात मुरते ते पिंप आतून जाळून काळं केलेलं असतं. तिचे तिथले लोक व्हॅनिला, कॅरॅमल लिहून मोकळे होतात, तळाला लागलेली काकवी कुणाला सुचली नसती. गोरखनं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं, जणू टेम्पो अजून चालू आहे.

दुसऱ्या ग्लासाला अंजनाच्या मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं म्हणे. सुंठ, मिरी, मागे बडीशेप. मी तसंच सांगितलं, वर थोडं खोकलो. ती राय नावाच्या धान्याची निघाली, तिखटपणा हाच तिचा गुण. तिसऱ्याला कुणाच्या तरी घरी तुपावर लापशीचा रवा परतत होते. ती गहू मिसळलेली बर्बन. आता मला चांगलीच मजा यायला लागली. मी पाय पसरले, गोरखला ग्लास कसा धरायचा ते शिकवलं, संस्कृतीला तिच्या साहेबांबद्दल दोन सल्ले दिले.

चौथा ग्लास भरला आणि वासरानं दावं सोडवलं. अंजना मेथी टाकून त्याच्या मागे गोठ्यापलीकडे धावली.

मी वाट पाहिली. ग्लास फिरवला, उन्हात धरला, रंगाबद्दल बोललो. रंगाबद्दल माणूस किती बोलणार? संस्कृती थांबली होती. गोरख स्वतःच्या ग्लासात डोकावून डोळे पुसत होता, ते मी पाहिलं, पण ते मी त्याच्या तीन न थुंकलेल्या ग्लासांच्या खात्यात टाकलं. रंग फिका होता. फिकं म्हणजे नाजूक असणार, असा हिशोब केला आणि ठोकून दिलं.

"मोगरा," म्हणालो. "सकाळी पूजेच्या ताटात ठेवलेला."



"कुंडलिकराव," गोरख हळूच म्हणाला, "ह्याला तर वल्लं लाकूड पेटवल्यागत धूर येतोय. माज्या डोळ्यात पानी आलं."

संस्कृतीनं मला सावरून घेतलं. चारचा ग्लास अमेरिकेचा नव्हताच, स्कॉटलंडचा होता. तिथं बार्ली धुरावर वाळवतात. मधेच वेगळं काही आलं तर काका ओळखतात का, हे पाहायला तिनं तो घातला होता. ती म्हणाली, नाक थकतं काका, आमच्याकडेही होतं असं, दहा मिनिटं थांबू. सुटकेची वाट समोर उघडी होती. मी मान हलवून त्या वाटेला लागलोही होतो.

तेवढ्यात अंजना वासराला ओढत आली आणि गोठ्याच्या कोपऱ्यावरूनच गाईला म्हणाली, कुणी धूर केला गं भरदुपारी?

संस्कृती गर्रकन वळली. "काकू, तुम्हाला तिथून वास आला?"

तिनं पाचवा ग्लास भरला आणि गोठ्यापाशी जाऊन सरळ अंजनाच्या हातात दिला, काय वाटतं ते सांगा म्हणून. अंजनानं तो नाकाजवळ नेला. तिच्या नाकपुड्या हलल्या, तिला कळलं होतं हे मला इतक्या लांबून दिसलं. मग तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ग्लास परत केला.

"आमाला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "ते यांचं काम."

मला लाज वाटली. मोगऱ्याची नाही वाटली इतकी ह्या वाक्याची वाटली. माझी अब्रू झाकायला ती स्वतःला अडाणी म्हणवून घेत होती, आणि मी समोर पाय पसरून बसलो होतो.

"तिलाच कळतं," मी म्हणालो. "माझं नाक कोविडातच गेलं. आज जे बरोबर सांगितलं ते तिचं होतं. ती एकटी पुटपुटते, ते मी चोरून ऐकतो."

गोरखनं ग्लास खाली ठेवला. अंजनानं वासरू खुंट्याला बांधलं, गाठ नीट ओढून पाहिली. मग ती वळली आणि सगळ्यांसमोर, लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, थेट माझ्याशी बोलली.

"त्याच्या आधी मला कधी वासाचं काही पुटपुटताना ऐकलं व्हतं का तुमी?"

मी आठवून पाहिलं. ऐकलं नव्हतं. कामापुरतंच बोलणारी, तेही गाईशी, अशी बाई ही. चार वर्षं मी चोरी करत होतो असं मला वाटत होतं, आणि ती रोज ताट वाढावं तसं वाढत होती.

"दूध करपून काळं झालं तरी तुमी पेपर वाचत बसला व्हता, तवाच कळलं," ती म्हणाली. "चार वर्षांत माहेरी एक रात न्हाई राहिले मी. गॅस चालू राहिला तर तुमाला कसं कळायचं?"

तिचं माहेर डिंभ्याला. भाऊ भिमाजी दरवर्षी बोलवायचा, ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मी म्हणायचो, एसटीचं काही खरं नाही म्हणून येत असेल. कधीकधी घरच सुटत नाही तुझ्यानं म्हणून चिडवायचोही.  पाचवा ग्लास तसाच राहिला.

मी उठलो, स्वयंपाकघरातलं सिलिंडर बाहेर ओढून काढलं आणि गोठ्यात नेऊन ठेवलं. संस्कृतीला म्हणालो, हिला गाडीनं डिंभ्याला सोड, आत्ताच. अंजना नको नको म्हणत होती, पण पिशवी तिनं लगेच भरली.

चार दिवस मी दोन्ही वेळा गोरखकडे जेवलो. दूध तेवढं अंगणात चूल मांडून तापवायचो. तिसऱ्या सकाळी पातेल्याकडे पाहतो तर दूध फुटलेलं, पाणी वेगळं, गाठी वेगळ्या. ते काल संध्याकाळीच नासलेलं असणार, आणि नाकवाल्यानं ते तसंच तापवायला ठेवलं होतं. तेवढ्यात तिचा फोन आला. भिमाजीच्या सुना मागे हसत होत्या, तीही कशाला तरी हसत होती. पहिला प्रश्न दुधाचाच.

"तापवलं," मी म्हणालो. "घट्ट साय धरलीय."

 ती म्हणाली, "तर मग राहू का आनखी दोन दिवस?"

"राहा," मी म्हणालो, आणि पातेलं घेऊन वासराकडे गेलो.