मागची रांग

"मान वर कर गं, रेजिना! जमिनीत काय पेरलंयस?"

शाळेत नाच शिकवणाऱ्या लीलाबाईंचा हा आवाज वीस वर्षं रेजिनाच्या कानात होता. त्याच आवाजानं गिरीजच्या वाडीतली ही अबोल पोर नाचती झाली, बोलती झाली. आता वसईच्या शाळेत मुलींचे नाच तीच बसवत असे.

नववीतली कार्मिन पहाटे केळींना पाणी सोडून शाळेत येई. नाव विचारलं तरी वेणीचं टोक चावत बसे. पावसाळ्यात नाचात उभी राहिली आणि नाताळापर्यंत तिची पाठ माडासारखी सरळ झाली. हजेरीला "हजर, टीचर!" असं म्हणे, की शेजारच्या वर्गातली पोरं दचकत.

स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम झाली. स्टेज उंच होतं. समोर खुर्चीत बसलेल्या रेजिनाच्या डोळ्यांपुढं नेमके मुलींचे पाय आले. पुढच्या रांगेत कार्मिनच्या टाचा. भेगाळलेल्या, भेगांत घासूनही न गेलेली वाडीची काळी माती. उद्या या खुर्च्यांवर पाहुणे बसणार. कुणी काही बोललं नव्हतं. रेजिनालाच कसंतरी झालं.

"कार्मिन, तू मागच्या रांगेत जा. उंच आहेस ना, बाकीच्या झाकल्या जातात."

"बरं, टीचर."

"आता शिडीशिवाय नारळ काढ गं!" शेजारी उभी असलेली मंदा म्हणाली. सगळ्या हसल्या. कार्मिनही हसली, जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी पडद्याआड मुली उभ्या राहिल्या. रेजिना रांगा बघत मागं आली आणि थबकली. कार्मिन गुडघे वाकवून, खांदे आवळून, मान आत ओढून उभी होती.

"अशी काय उभी राहिलीस गं?"

"बुटकी दिसते ना, टीचर?" कार्मिन खालूनच हसली. "काल घरी आरशासमोर करून बघितलं. असं वाकूनपन सगळा नाच येतो मला. आता घ्याल पुढं?"

पलीकडं पेटी वाजू लागली. शिपाई काशीरामनं दोरीला हात घातला.

"बाई, ओढू पडदा?"

"थांबा."

रेजिनाला त्या पोरीच्या डोळ्यांत बघवेना. मुली ऐकत होत्या. मंदा ऐकत होती. रेजिनानं कार्मिनचे दोन्ही खांदे धरले आणि हळूहळू वर उचलले.

"उंचीचं खोटं होतं, कार्मिन. तुझ्या टाचा लोकांना दिसतील, याची मला लाज वाटली."