सोळा स्वप्नांचा पडदा

तट्.

दुपारच्या गप्पगार घरात खापरातला पहिला चिंचोका फुटला आणि माझ्या मांडीवर झोपलेली पद्मा दचकून उठली. मग तट्, तट्, तडाड.

"आई, लाह्या?"

"न्हाय गं. रंग."

तिला ते पटलं नाही. पाच वर्षांच्या पोरीला कशाला पटेल? मलाच पटायला दोन दिवस लागले होते.

झालं होतं असं. आमचे हे, धरणेंद्र, चित्रकार. बेळगावात एका नाटक कंपनीच्या पडदेवाल्याकडे दोन वर्षं राबून शिकून आलेले. निपाणीत परतल्यावर विड्यांच्या बंडलांवरचे मोर आणि वाघ यांनीच काढले, पण मोठं चित्र कुणी सांगेना. घरची तंबाखूची वखार. तिच्या एका कोपऱ्यात यांचे रंग. थोरले दीर भरमू भाऊजी तंबाखूनं शिंकायचे आणि ओरडायचे रंगाच्या नावानं. शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं, "पाडव्यापतोर मोठं काम न्हाय आलं तर कुंचले गुंडाळायचे आन् वखारीच्या गादीवर बसायचं."

हे "बरं" म्हणाले. त्यानंतर दोन दिवस जेवताना यांनी मान वर केली नाही.

आणि नेमके तिसऱ्या दिवशी चिकोडीहून पारिसाअण्णा आले. तिथल्या बस्तीचे, म्हणजे आमच्या जैन देवळाचे, कारभारी. पाडव्याआधी त्यांच्याकडे पंचकल्याणक पूजा होती. तीर्थंकर पोटात येताना त्यांच्या मातेला पडलेली सोळा स्वप्नं त्यांना एका मोठ्या पडद्यावर हवी होती. हत्ती, बैल, सिंह, चंद्र, सूर्य, माशांची जोडी, अगदी धुराशिवायच्या अग्नीपर्यंत सगळी. मधोमध निजलेली माता.

"पर एक सांगतो धरणू," अण्णा म्हणाले, "सरस चालायचा न्हाय. जनावराच्या कातड्याचा चिकटा देवाच्या म्होरं टांगायचा व्हय? केसाचा कुंचलाबी नको. जमंल?"

"जमंल की."

अण्णांची गाडी वळली तशी हे माझ्याकडे बघून म्हणाले, "कसं गं जमायचं?"

नाटकाच्या पडद्यांचा सगळा रंग सरसावरच धरतो, हे मला तेव्हा कळलं. यांनी बाभळीचा डिंक घालून पाहिला. कापड गुंडाळून उघडलं तर हत्तीच्या अंगाला भेगा. दुसऱ्यांदा उघडलं तर हत्तीच अर्धा जमिनीवर.

मला माहेरची नागुबाई धनगरीण आठवली. घोंगड्याला ती चिंचोक्याची खळ लावायची. घोंगडं ताठ व्हायचं, पण गुंडाळलं तरी मोडायचं नाही. मी चिंचोके भाजले, सोलले, भिजवून पाट्यावर वाटले, शिजवले. गेरू, हळद, नीळ त्यात कालवली. घायपाताचा वाख ठेचून यांनी कुंचले बांधले. रंग धरला! हे पातेल्यात बोट घालून म्हणाले, "कमळे, एवढी वर्षं तू हे घोंगड्यावर वाया घालवलंस."

"मी न्हवं, नागुबाईनं."

अडचण एकच. दिवस मावळल्यावर आमच्यात चूल पेटत नाही आणि रात्र उलटली की खळ आंबते. म्हणजे सकाळी शिजवायची, सूर्य आहे तोवर संपवायची. एका पातेल्यात एक स्वप्न निघायचं. सकाळी उठून पद्मा विचारायची, "आज काय शिजवणार?" आणि मी सांगायची, "बैल." शेजारच्या रुक्माबाईनं हे एकदा ऐकलं आणि ती तशीच मागं फिरली. मला गाठून नीट सांगावं लागलं.

मातेच्या दिवशी यांनी मला वखारीत चटई घालून दिली. "नुसतं डोळं मीट." मी मिटले. पोर झाल्यापासून भर दिवसा पाठ टेकली नव्हती. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती, अंगावर यांचं उपरणं होतं आणि पडद्यावर मी होते. निजलेली. एक हात बाजूला, कुणाला तरी थोपटता थोपटता थांबलेला.

"हात असा कशाला काढला?"

"असाच हुता. शेजारी कुणी न्हवतं, तरी थोपटत हुतीस."

सोळा स्वप्नं आणि एक माता, सतरा पातेली संपली. पारिसाअण्णा बघायला आले. पडदा अंगणात दोरीवर. अण्णांनी वास घेतला, मातेच्या पदरावरून कोरडं बोट फिरवलं. बोटाला रंग नाही. इथंच त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"एवढं पक्कं? सरसाबिगर? खरं सांग धरणू."

"खरंच सांगतोय अण्णा. खळ हाय."

"लोक मला इचारतील. मी काय दाखवू त्यांस्नी?"

 भरमू भाऊजी खांबाला टेकून बघत होते. मी अण्णांना पाणी द्यायला आत वळले. पातेलं दाखवावं की चिंचोके, काही सुचेना. तेवढ्यात अंगणातून पद्माची किंकाळी.

"आई! शेळीनं मासं खाल्लं!"

आमच्या घरात असा शब्द ह्याआधी कुणी ओरडून उच्चारला नसेल. सगळे धावलो. रुक्माबाईची शेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्याला उभी राहून माशांची जोडी मन लावून चाटत होती. एक मासा गेला होता. दुसऱ्याचं शेपूट उरलं होतं.

यांनी शेळीला हाकललं आणि हे उरलेल्या शेपटापाशीच बसले. मी अण्णांकडे बघायचं धाडस केलं नाही. मग काहीतरी खदखदल्यासारखा आवाज आला. अण्णा हसत होते. टोपी हातात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"अरं, कातड्याच्या सरसाला शेळी तोंड लावंल व्हय रं? हिनं साक्ष दिली! चिकोडीत कुणी इचारलं तर सांगतो, शेळीला इचारा जावा!" मग पद्माकडे वळून, "काय गं, शेळीला पाप लागंल?"

पद्मा विचार करून म्हणाली, "थोडं."

"ऊठ धरणू. दिवस मावळायच्या आत मासंबी व्हायला पायजेत, जेवणबी. आन् आमच्या पावण्यांच्या बस्तीलाबी असाच पडदा पायजे. त्यांस्नी घेऊन येतो पाडवा झाल्यावर."

भरमू भाऊजी खांबापासून हलले. दोनदा शिंकले. मग आत जाताना म्हणाले, "कोपऱ्यात कशाला बसतोस? उत्तरंच्या खिडकीकडची जागा रिकामी करून देतो. गादीला दुसरा बघतो. शेळी तेवढी बांधाय सांगा."

शेवटचा हात फिरवायला सकाळी शिजवलेल्या पातेल्यात तळाशी खळ उरली होती. नीळ कालवून मी यांच्या हातात दिली. कलत्या उन्हात हे पुन्हा मासे काढू लागले, या खेपेला जरा जास्तच लठ्ठ. पद्मा पडद्याला नाक लावून उभी होती. निजलेल्या मातेच्या पोटाजवळ तिनं बोट नेलं. लावलं नाही.

"ही तू हाईस न्हवं?"

"व्हय."

"आन् हिच्या पोटात बाळ येणार म्हणून हिला ही सगळी सपनं पडली?"

"व्हय गं."

तिनं एकेक मोजलं. बाराच्या पुढं तिला येत नव्हतं, म्हणून पुन्हा एकपासून. मग माझा पदर ओढला.

"आई, मी पोटात हुते तवा तुला काय पडलं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांचा कुंचला माशाच्या डोळ्यावर थांबला होता.

"सांग की. हत्ती तरी?"