ऊन चढलं, आत घ्या

मित्रांनो, मी फणसाची एक जुनी फळी आहे. लांबीला माणसाहून थोडी जास्त, रुंदीला हातभर आणि स्वभावानं जरा खडूस. खडूस नसेन तर काय! माझ्यावर आजवर इतके गणपती बसले, पण मला कधी कुणी एक फूल वाहिलं नाही. ओलं फडकं तेवढं रोज मारलं.

माझं गाव जोहे. इथं घराघरात मूर्तींचे कारखाने. पुंडलिकच्या परसातला फणस वादळात आडवा झाला, त्यातून मी आणि माझ्या बहिणी निघालो. एकीचं दार झालं, एकीला वाळवीनं खाल्लं, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. मी कारखान्यात आले. पुंडलिक तेव्हा तरुण होता. सुतारानं रंधा मारून मला उभं केलं तेव्हा त्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ही काय मोडनार नाय." एवढंच माझं कौतुक. तेही मी अजून जपून ठेवलंय.

माझं काम सोपं होतं. शाडूची ओली मूर्ती माझ्यावर ठेवायचे. आधी काही दिवस सावलीत. मग सकाळी दोघं जण मला उचलून अंगणात न्यायचे आणि विटांवर टेकवायचे. कोवळं ऊन मूर्तीच्या अंगात हळूहळू मुरायचं. ऊन कडक झालं की परत आत. आता ते कडक झालं हे कोण ठरवणार? पुंडलिक. त्यासाठी तो घड्याळ बघायचा नाही. माझ्यावर तळहात ठेवायचा. हात निवांत टेकला तर ठीक. चटका जाणवला की अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडायचा, "ऊन चढलं, आत घ्या!" हातातलं काम टाकून माणसं धावायची.

एका वर्षी ऑर्डर तुंबली होती. सखा नावाच्या कारागिरानं घाई केली आणि भर दुपारी मला मूर्तीसकट बाहेर नेलं. थोड्या वेळानं गणपतीचं पोट वरपासून खालपर्यंत तडकलं. पुंडलिकनं सखाला असं झापलं की मीसुद्धा अंग चोरून बसले.

"आरं, माती हाय ती, पापड नाय! वरनं सुकली तरी आतनं ओलीच रहाते. घाई करशील तर तडकनारच. तिला तिच्या वकुबानं ऊन दे."

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरायचं आहे, पण जमत नाही.

पुढे पुंडलिकच्या मुलाचं, रितेशचं लग्न झालं. सून अनिता रोह्याची. रितेश कंपनीत शिफ्टला जायचा आणि अनितानं कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायला घेतले. काय हात होता तिचा! ब्रश टेकला की मूर्ती बघायला लागायची. मग दिशा झाली. घरातली पहिली पोर, त्यातून गोरीपान. सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

पण ठेवली कुठे? कारखान्यात, आईच्या मांडीशी. रस्त्याची धूळ मूर्तींना लागू नये म्हणून कारखाना चारी बाजूंनी ताडपत्रीनं बंद. आत दिवसभर ट्यूबलाइट. अनिता सकाळी आत शिरायची ती अंधार पडल्यावर बाहेर यायची आणि पोर तिच्यासोबत. अंगणात टेम्पो येत-जात, म्हणून तिथं सोडायची नाही. कधी रांगत दाराशी आलीच तर पुंडलिक तिला उचलून आत न्यायचा.

"उन्हात नको गो बाय. काळी पडशील."

आणि मी? मी रोज सकाळी बाहेर. माझ्यावरचे गणपती रोज ऊन खायचे. दिशा ताडपत्रीच्या फटीतून बघत बसायची. मला तेव्हाच आतून वाईट वाटायचं. पण फळीचं ऐकतो कोण?

ती उशिरा उभी राहिली. उशिरा चालली. चालली तेही बदकासारखी, डुलत डुलत. सगळे हसायचे, "बघा, नाचते कशी!" मग थोडं चाललं की ती खाली बसायला लागली. पाय दुखतात म्हणून रात्री रडायला लागली. घरचे म्हणाले, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या.

तिची रोह्याची आजी, मैना, दिवाळीत आली तेव्हा दिशा तीन वर्षांची होती. मैनानं नातीला माझ्यावर उभं केलं, परकर वर केला आणि तिचा चेहराच उतरला.

"अनिता, हिचे पाय बघितलेस का गो?"

"काय झालं?"

"गुडघे बघ. धनुष्यागत वाकलेत. आन् हे मनगट बघ कसं सुजल्यागत झालंय. उद्याच्या उद्या पेणला दाखव."

दुसऱ्या दिवशी अनिता आणि पुंडलिक दिशाला घेऊन एसटीनं पेणला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा अनिता माझ्यावरच मटकन बसली आणि तिनं आईला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी हाडांचा फोटो काढला होता. मुडदूस. हाडं मऊ राहिलेली. खाण्यातून कमी पडलं, आणि ऊन तर पोरीला मिळालंच नाही. रोजचं औषध दिलं होतं. सोबत रोज थोडं थोडं ऊन द्या, हातपाय उघडे ठेवून, पण भर दुपारी न्यायचं नाही, असं बजावलं होतं.

"सरळ व्हतील ना पाय?" मैनानं विचारलं.

"बरेचसे होतील म्हणाल्या. पण उशीर झाला म्हणाल्या."

पुंडलिक भिंतीला टेकून उभा होता. ज्या माणसानं आयुष्यभर मातीला बेतानं ऊन दिलं, त्याच्याच घरात पोरीची हाडं उन्हावाचून वाकली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी माझ्यावर गणपतीऐवजी दिशा बसायला लागली. खरं सांगते, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. ती माझ्यावर पाय पसरून बसायची, मातीच्या गोळ्याचा उंदीर करायची, मोडायची, पुन्हा करायची. पुंडलिक शेजारी बसून माझ्यावर हात टेकवून बघायचा आणि ऊन चढलं की तिला आत न्यायचा. रात्रीचं तिचं रडणं कमी झालं. गालावर तजेला आला.

पाय मात्र झटकन सरळ होईनात. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, वेळ लागेल, धीर धरा. पुंडलिकला धीर धरवेना. जूनमध्ये अंगणवाडी सुरू होणार होती. शेजारची पोरं दिशाची चाल करून दाखवायची आणि ती चिडून रडायची. ते बघून म्हातारा आतल्या आत तुटायचा. येता-जाता तिच्या गुडघ्यांवरून हात फिरवायचा.

मग तो वैशाखातला दिवस उजाडला. रितेश कंपनीत होता. अनिता रंग आणायला पेणला गेली होती. कारागीर जेवून आडवे झाले होते. पुंडलिकनं मला अंगणाच्या मधोमध आणलं, दिशाच्या पायांना तेल लावलं आणि तिला माझ्यावर बसवलं. डोक्यावर टोपी नाही, काही नाही.

"आज जरा जास्त बसू. तीन वर्षांचं ऊन राहिलंय गो आपलं. भरून काढू."

मित्रांनो, मी तापत होते. माझं लाकूड नुसतं फणफणत होतं. मला वाटत होतं, अरे बाबा, हात ठेव! एकदा माझ्यावर हात ठेव! तुझ्या हाताला कळेल. पण तो समोर उकिडवा बसून तिच्या पायांकडे बघत होता. डोळ्यांदेखत सरळ होतील अशा आशेनं बघत होता. त्या दिवशी त्यानं माझ्यावर हात ठेवलाच नाही.

"आजा, चटका लागतो."

"थोडं सोस गो बाय. पळायचं हाय ना तुला?"

ती सोसत राहिली. तिला पळायचं होतं. आधी ती चुळबुळत होती, मग रडली, मग रडायची थांबली. पुंडलिकला वाटलं, सवय झाली. तिनं भडाभडा ओकारी केली आणि माझ्यावर कलंडली तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "सखा! आरं सखा, धाव!" असा तो ओरडला. इतक्या वर्षांत त्याचा असा आवाज मी ऐकला नव्हता. पोरीचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. तिच्यावर पाणी ओतत, मूर्तींच्या टेम्पोत घालून तिला पेणला नेलं.

ती वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती, पण वाचली. घरी आली तेव्हा खांद्यांवर फोडांचे डाग होते आणि वजन बरंच उतरलं होतं. अनिता सासऱ्याला कधी उलट बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. ओरडली नाही. हळूच विचारलं.

"बाबा, मूर्ती कधी दुपारी बाहेर काढलीत का हो?"

पुंडलिक खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याचा राग आला होता, खूप राग आला होता. पण रडणाऱ्या म्हाताऱ्यावर किती वेळ रागावणार?

तेव्हापासून दिशा मला बघितलं की किंचाळते. म्हणून मला कारखान्यामागं टाकलं. अर्ध्या अंगाला वाळवी लागली आहे. पुंडलिकनं ओरडणं सोडलं. मूर्ती आता सखा आत-बाहेर करतो. औषध चालू आहे, पाय थोडे सुधारले आहेत, पण चाल तशीच. डॉक्टरीणबाई सांगतात, ऊन अजून हवंच, बेतानं द्या. पण दिशा उंबऱ्याच्या पुढे पाऊल टाकत नाही. बाहेर नेलं की आईच्या मानेत तोंड खुपसते.

मित्रांनो, मी पडले लाकूड. मला काय कळतं? पण आयुष्यभर उन्हात राहिले म्हणून सांगते. उन्हाला घाबरून पोरांना कोंडून ठेवू नका, आणि ऊन चांगलं म्हणून त्यांना भाजूही नका. सकाळी अंगणात खेळा. दुपारी सावलीत बसा. डोकं झाका, पाणी प्या. आणि कुणी लहान पोर चटका लागतो म्हणालं, तर हातातलं सगळं टाकून ऐका.

परवा सकाळी पुंडलिक मागे आला. माझी वाळवी झाडली, मला पुसलं आणि अंगणात नेऊन विटांवर ठेवलं. मग स्वतःच माझ्यावर बसला. दारात अनिताच्या पदराला धरून दिशा उभी होती. त्यानं माझ्यावर तळहात टेकवला आणि तिला दाखवला.

"बघ गो बाय. गार हाय. चटका नाय लागत. येतेस आजाजवळ?"

ऊन खरंच कोवळं होतं. मी वाट बघितली. दिशानं आजाकडे बघितलं. मग तिचे डोळे भरून आले आणि ती दारातूनच ओरडली, अगदी त्याच्यासारखी.

"आजा, ऊन चढलं! आत ये, तू तडकशील!"

पुंडलिक उठला आणि तिच्यासाठी आत गेला. दार लागलं. ते कोवळं ऊन मग बराच वेळ माझ्या एकटीवर पडून होतं.