तीन चाव्या, एक जुडगा

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पेटी आहे. अंगावर लोखंडी पट्ट्या, कोपऱ्यांना पितळ, आणि मला जागची हलवायची तर चार धट्टीकट्टी माणसे लागतात. एवढे असूनही मी भित्री आहे. हसू नका. ज्याच्या पोटात काहीतरी जपायला दिलेले असते, त्याला भीती वाटायचीच.

देशात संविधान लागू झाले त्याच वर्षी बेंगळुरूत, चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत माझा जन्म झाला. तिथल्या मराठी मंडळाचे वासुदेवराव कचेरीत कारकून होते. नवे संविधान त्यांनी रात्रंदिवस वाचून काढले होते. आपल्या मंडळालाही अशी घटना हवी, असे त्यांच्या मनाने घेतले आणि ती ठेवायला त्यांनी मला करवून घेतले. माझ्या पुढच्या बाजूला तीन कड्या आणि तीन कोयंडे बसवायला सांगितले, तेव्हा सुताराने रंधा थांबवला.

"एवढं काय सोनंनाणं ठेवणार, अण्णा?"

"सोनं कुठलं? दोन वह्या आणि एक शिक्का."

"मग तीन कुलपं कशाला? चोराला एक पुरे."

"चोराची भीती नाही रे," वासुदेवराव म्हणाले. "भीती आमचीच आहे."

ते ऐकले आणि माझ्या लाकडात जी धडकी भरली, ती आजतागायत गेलेली नाही.

माझ्या पोटात पहिल्यापासून तीनच वस्तू आहेत. मंडळाच्या घटनेची आणि नियमांची वही, सभासदांच्या नावांची वही आणि पंचांचा शिक्का. झाकणाला एक फट आहे. कुणाची काही तक्रार असली तर त्याने अर्ज लिहून त्या फटीतून आत टाकायचा. पहिल्या कुलपाची चावी सभेने निवडलेल्या एका सभासदाकडे, कारण नियम करायचे ते सभेने. दुसरी अध्यक्षांकडे, कारण नियमाप्रमाणे कारभार चालवायचा त्यांनी. तिसरी पंचांकडे, कारण कुणावर अन्याय झाला का, नियम घटनेला धरून आहे का, हे ठरवायचे पंचांनी. पंचांना सभा नेमते, पण अध्यक्ष त्यांना काढू शकत नाहीत. तिघे हजर असल्याशिवाय मी उघडायची नाही.

ही व्यवस्था मला आवडायची. तीन माणसे समोर बसली की एकमेकांवर नजर ठेवून असत. कुरकुरत, भांडत, कॉफी गार करून टाकत. एखादे साधे काम व्हायला दोन-दोन महिने लागत. लोक नावे ठेवत. मी मात्र त्या भांडणाच्या आवाजात निर्धास्त असे. माझ्या आयुष्यातले निर्धास्त क्षण तेवढेच.

दरवर्षी सव्वीस जानेवारीला मला फुले वाहत, आणि मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गातली तीन मुले तीन चाव्या फिरवत. गेली काही वर्षे हा वर्ग दिव्यश्री घेते. ती नरसिंगरावांची मुलगी आणि आप्पाजींची सून. नरसिंगराव म्हणजे आमचे पंच आणि आप्पाजी म्हणजे अध्यक्ष. दोघे एकमेकांचे व्याही. हे नाते नीट लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच झाला.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला दिव्यश्रीने माझ्या पहिल्या कुलपावर बोट ठेवले.

"दिल्लीत अशीच एक मोठी पेटी आहे असं समजा. हे कुलूप संसदेचं. कायदा ती करते. हे दुसरं सरकारचं. ते कायद्याप्रमाणे देश चालवतं. तिसरं न्यायालयाचं. कायदा संविधानात बसत नसेल तर ते तो रद्द करू शकतं."

"मग प्राइम मिनिस्टर कुठल्या लॉकमध्ये?" सिद्धीने विचारले. ही मुलगी दहा वर्षांची. नागपूरहून आलेल्या अंजलीची लेक. एचएसआर लेआउटहून दर शनिवारी आईबरोबर येते.

"दुसऱ्या. पण ते बसतात पहिल्यात. लोकसभेला सरकार नकोसं झालं तर सरकार जातं."

"आणि जजला सरकार काढू शकतं?"

"सरकारनं ठरवलं म्हणून नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी फार मोठ्या बहुमतानं ठराव करावा लागतो, तोही काही गैर सिद्ध झालं तरच. आपल्याकडेही बघा ना. राज्याचं सरकार बसतं ते विधानसौध आणि समोर हायकोर्ट. समोरासमोर आहेत, पण मधे रस्ता आहे. त्या रस्त्याला विसरू नका."

मागे खुर्चीवर आप्पाजी बसले होते. सुनेचे बोलणे ऐकून त्यांची छाती फुगली होती. शेजारच्याला म्हणाले, "आमची सून. एम.ए. आहे."

आप्पाजी वाईट माणूस नव्हेत, हे मला आधीच सांगू द्या. कापडाचे दुकान सांभाळून मंडळासाठी त्यांनी वीस वर्षे घाम गाळला. कुणाच्या घरी मयत झाले की पहिले तेच पोचत. म्हणून तर लोकांचा त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास होता. माझे डोळे मात्र कधी झाकत नाहीत, कारण ते मला नाहीतच.

मार्चमध्ये सभागृहाच्या छपराचे काम निघाले. वर्गणीसाठी सभासदांची नावे काढायला, जुने नियम बघायला मला सारखे उघडावे लागे. पहिली चावी प्राणेशकडे होती. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करतो. दोनदा तो सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकला आणि सगळे ताटकळले. तिसऱ्यांदा त्याने चावी आप्पाजींच्या हातावर ठेवली.

"तुमच्याकडेच राहू द्या, आप्पाजी. मला दर वेळी सुट्टी मिळत नाही."

"सरी, सरी, असू दे. स्वल्प दिवसांचा तर प्रश्न आहे," आप्पाजी म्हणाले, आणि मग नरसिंगरावांकडे वळले. "तुम्हीही कशाला एवढ्या उन्हातून येता? द्या इकडे."

 नरसिंगरावांचा हात जानव्याला बांधलेल्या चावीकडे गेला आणि तिथेच थांबला. मला वाटले, आता ते नाही म्हणतील. पण ते मुलीचे बाप. मुलाच्या बापाने चारचौघांत काही मागितले आणि मुलीच्या बापाने नाही म्हटले, असे आमच्या मंडळात कधी कुणी पाहिलेले नाही. त्यांनी गाठ सोडली आणि चावी दिली.

"बाबांनो, निदान तारीख तरी लिहा!" मी ओरडले असते, पण पेटीला ओरडता येत नाही. दिव्यश्रीनेच वर्गात सांगितले होते की संसदेचे अधिवेशन नसताना सरकारला तातडीने अध्यादेश काढता येतो, पण त्यालाही मुदत असते. संसद भरली की तो तिच्यापुढे ठेवावा लागतो, आणि तिने मान्य केला नाही तर सहा आठवड्यांत तो आपोआप मरतो. आमच्या चाव्यांना कुणी मुदतच घातली नाही. छपराचे काम एप्रिलमध्ये संपले. चाव्या आप्पाजींच्या दुकानाच्या जुडग्यातच राहिल्या.

मग तो मंगळवार आला. भर दुपार. आप्पाजी एकटेच आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतले. पहिले कुलूप उघडले. दुसरे उघडले. मी तिसऱ्यापाशी वाट पाहत होते, कुणी दुसरा हात येईल म्हणून. तोच हात आला. इतक्या वर्षांत माझी तिन्ही कुलपे एकाच हाताने कधी उघडली नव्हती. मला वाटले, माझे सांधे निखळणार.

त्यांनी नियमांची वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहिले: ज्यांच्या तीन पिढ्या बेंगळुरूत झाल्या तेच सभासद, आणि सभासदांच्याच मुलांना वर्गात प्रवेश. लिहिता लिहिता ते स्वतःशीच पुटपुटत होते. "व्हाइटफील्डला रोज नवी माणसं येतायत. उद्या त्यांची संख्या वाढेल. आपल्या आजोबांनी बांधलेल्या जागेत आपल्यालाच कोण विचारणार?" तेव्हा मला कळले की त्यांनाही भीती वाटत होती. माझ्यासारखीच. पण घाबरलेल्या माणसाच्या हाती तिन्ही चाव्या असल्या की काय होते, ते मी त्या दुपारी पाहिले. त्यांनी सभासदांची वही उघडली आणि चौतीस नावांवर तांबडी रेघ ओढली. अंजलीचे नाव सत्ताविसावे होते.

त्या शनिवारी दारावर कागद लागला. सिद्धी दप्तर घेऊन आली होती. कागद वाचून अंजली तिला घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी फटीतून अंजलीचा अर्ज माझ्या पोटात पडला. पंचांच्या नावाने होता. मी तो जीव मुठीत धरून जपला. नरसिंगराव येतील, वाचतील, न्याय देतील, या आशेवर मी चार दिवस काढले.

आले ते आप्पाजी. त्यांनी अर्ज वाचला, खाली "फेटाळला" असे लिहिले आणि पंचांचा शिक्का मारला. नियम त्यांनीच केला, त्यांनीच लागू केला आणि तो बरोबर आहे असा निवाडाही त्यांनीच दिला. शिक्क्याचा तो धप्प आवाज अजून माझ्या तळात घुमतो.

जूनच्या पहिल्या रविवारी सभा भरली. मला मधोमध ठेवले होते. नावे वाचून झाली तशी अंजली उठली. 

"सॉरी, मी मेंबर नाही म्हणून मला बोलायचा राइट नाही, असं म्हणाल. पण मागच्या सभेत मी मेंबर होते ना? मग हा नियम कुठल्या सभेत पास झाला, एवढंच सांगा."

"घटनेत आहे, अम्मा," आप्पाजी म्हणाले. "आणि तुमचा अर्ज पंचांनी बघितला. हा शिक्का."

सगळ्यांच्या माना नरसिंगरावांकडे वळल्या.

मित्रांनो, माझा जीव त्या क्षणी एका म्हाताऱ्या माणसाच्या ओठांवर येऊन बसला होता. त्यांनी "हो" म्हटले असते तर कुणाला काही कळले नसते. आप्पाजींची अब्रू राहिली असती, लेकीचा संसार सुखाचा राहिला असता. आणि मी नुसती लाकडाची पेटी होऊन गेले असते, पापड ठेवायच्या लायकीची. नरसिंगरावांनी बायकांच्या रांगेत बसलेल्या दिव्यश्रीकडे पाहिले.  तीही घाबरली होती. तरी खरे तेच सांगा, अशी तिने मान हलवली. किंचित, पण हलवली.

नरसिंगराव उठले आणि व्याह्यांपुढे हात जोडून उभे राहिले.

"आप्पाजी, चूक माझी. तो अर्ज मी बघितलेलाच नाही. चावी माझी नव्हतीच द्यायला, पंचाची होती. ती मी नात्यापायी दिली. ती परत द्या."

"इथे? सगळ्यांसमोर मागता?" आप्पाजींचा आवाज फाटला.

"दिली तेव्हा नात्याकडे बघून दिली. आता सभेकडे बघून मागतोय."

"माझीही द्या, आप्पाजी," मागून प्राणेश म्हणाला. त्याची मान खाली होती. "मला ट्रॅफिकचा कंटाळा आला होता, दुसरं काही नाही."

आप्पाजींनी जुडगा काढला. दुकानाच्या, घराच्या, गोदामाच्या चाव्यांत त्या तीन अशा मिसळून गेल्या होत्या की कुठली कुणाची ते त्यांनाच ओळखता येईना. शेवटी नरसिंगराव माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि एकेक चावी तिसऱ्या कुलपात घालून पाहू लागले. पाचवी लागली. कुलूप फिरले, मग प्राणेशनेही तशीच आपली चावी ओळखून घेतली.

पुढच्या रविवारी नरसिंगरावांनी अंजलीचे ऐकले. आप्पाजींचेही तितक्याच शांतपणे ऐकले. मग निवाडा दिला: नियम सभेने केलेला नाही, म्हणून रद्द. नावे परत लिहावीत. आप्पाजींना असा नियम हवाच असेल तर त्यांनी तो सभेपुढे मांडावा, तो त्यांचा हक्क आहे. शनिवारी सिद्धी आपल्या जागेवर येऊन बसली.

तुम्ही म्हणाल, मग आता कसली भीती? सांगते. माझी कुलपे लोखंडाची आहेत, पण ती मोडावी लागलीच नाहीत. चाव्या आपणहून दिल्या गेल्या. एकाने कंटाळून, एकाने भिडेपोटी. दिल्लीतल्या त्या मोठ्या पेटीलाही हातोडीपेक्षा याचीच भीती वाटत असेल, असे मला वाटते. म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती आहे. मोठेपणी तुमच्याकडे कुठलीही चावी आली, मताची, अधिकाराची, न्यायाची, तर ती कितीही आवडत्या माणसाला सांभाळायला देऊ नका. कामाला उशीर होईल, होऊ द्या. भांडण होईल, होऊ द्या.

आप्पाजी दोन महिने व्याह्यांशी बोलले नाहीत. दिव्यश्रीने ते दोन महिने कसे काढले, ते तिलाच ठाऊक. तिने वर्ग मात्र एकही शनिवार चुकवला नाही. मग परवा आप्पाजी आले. मला टेकून उभे राहिले आणि कॉफीचा लोटा नरसिंगरावांपुढे सरकवला. दोघेही छपराकडे बघू लागले.

"चावी आणलीत?" आप्पाजींनी विचारले.

 नरसिंगरावांनी सदऱ्याच्या आत हात घातला आणि चावी घट्ट धरली.

"मागत नाही हो," आप्पाजी म्हणाले. "आहे ना, एवढंच बघितलं."

मित्रांनो, तुमचीही आहे ना, बघा.